रस्त्यापलीकडून मारलेली हाक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मंडळातले माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे, हळदीकुंकवाच्या दिवशी वाणाची मोजदाद ठेवणे आणि कार्यक्रम आटोपला की कपबशा विसळून कपाटात लावणे. ते काम मला मनापासून आवडते. पण या खेपेस कार्यवाहबाईंनी माझे काही ऐकले नाही. "तुमच्या अंगणात पोरांनी तो रस्त्याचा खेळ केला, त्याबद्दल तुम्हीच बोला," असे त्यांनी बजावले. मी म्हटले, त्या मुलांनाच बोलवा की, ती शिकलेली आहेत. तर म्हणाल्या, "ती गेली आपापल्या नोकऱ्यांना. आता तुम्हीच उरलात." म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले तर सांभाळून घ्यावे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावात शाळाच तेवढी होती. आठवीचा वर्ग शेजारच्या गावाला आणि मध्ये ट्रकांचा मोठा रस्ता. मी सातवीत होते त्या वर्षी त्या रस्त्यावर आमच्या गावचा एक गुराखी मुलगा ट्रकखाली गेला. दुसऱ्याच दिवशी वडिलांनी सांगून टाकले की पोरीला रोज तो रस्ता ओलांडू द्यावयाचा नाही. झाले, माझी शाळा संपली. माझ्या भावाला मात्र पुढे तोच रस्ता ओलांडून जाऊ दिले, ही गोष्ट निराळी. तेव्हा रस्ता या विषयावर दोन शब्द बोलण्याचा मला थोडाफार हक्क आहे, असे मी समजते.

आता मूळ हकिकत. २०२४ च्या जूनमध्ये आमच्या माडीवरच्या खोलीत दोन मुले भाड्याने राहावयास आली. दोघे तंत्रनिकेतनात संगणकाच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होते. एक लातूरकडचा, दुसरा जतकडचा. रात्रीचे जेवण आमच्याकडे. त्यांच्या गटात आणखी एक मुलगा होता आणि एक मुलगी. ती तासगावहून रोज एस.टी.ने येई. शेवटच्या वर्षी या मुलांना स्वतः काही तरी तयार करून दाखवावे लागते, त्याला प्रकल्प म्हणतात. लहान मुलांना रस्त्याचे नियम शिकवील असा खेळ मोबाइलवर करावयाचा, असे यांनी ठरविले. इतका चांगला विषय कसा सुचला म्हणून मी कौतुकाने विचारले, तर जतकडचा मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "काकू, यादीतले बाकीचे विषय दुसऱ्या गटांनी आधीच घेतले होते."

दिवाळीपर्यंत त्यांचा खेळ तयार झाला. दिसावयास फार सुरेख. एक ठेंगणी मुलगी, पाठीवर दप्तर, दोन वेण्या. समोर रस्ता, त्यावर गाड्या, बस, रिक्षा. लाल दिवा, हिरवा दिवा, पांढरे पट्टे, सगळे काही. बोटाने दाबले की मुलगी चालते. दिवा पाहून, पट्ट्यांवरून नेली तर शाळेत पोचते आणि टाळ्या वाजतात. चुकली तर गाडीची धडक बसते, "धडाम्" असा आवाज होतो, मुलगी चेंडूसारखी उडते आणि डोक्याभोवती चांदण्या फिरतात. असे तीनदा झाले की खेळ संपला. तिला तीन प्राण दिलेले होते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतली सात-आठ पोरे आमच्या सोप्यात जमवून त्यांना तो मोबाइल दिला. पहिल्या दोन खेळ्या पोरांनी नीट खेळल्या. तिसऱ्या खेळीला कोणा एकाच्या हातून चुकून धडक झाली आणि तो "धडाम्" ऐकून सगळी पोरे खो खो हसली. मग काय विचारता! शाळेत कोणालाच जावयाचे नव्हते. "मला दे, मी उडवतो तिला," "पुन्हा मार, पुन्हा मार," असा एकच गलका. माझा धाकटा सर्वांत पुढे होता. तोही हसत होता.

मी तेथून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मला ते बघवेना. तासगावची मुलगी माझ्या मागोमाग आत आली. "काकू, काय झाले?" म्हणून विचारू लागली. तिला मी सांगितले की २०२२ सालच्या जूनमध्ये माझ्या या धाकट्याला आपल्याच गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलची धडक बसली. तो तेव्हा सात वर्षांचा होता. मांडीचे हाड मोडले. कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालून सहा आठवडे तो पाठीवर पडून होता. त्याला उचलून कूस बदलावी लागे. रात्री खाज सुटली की प्लास्टरवर मुठी आपटून रडे. एवढे मी तिला सांगितले. पण हे अर्धेच होते. उरलेले अर्धे मी तेव्हा कोणालाच सांगितलेले नव्हते. ते पुढे येईल.

ती मुलगी जिना चढून वर गेली आणि त्या चौघांची रात्रभर काय चर्चा झाली कोणास ठाऊक. आठ दिवसांनी त्यांनी तो "धडाम्" काढून टाकला. चांदण्या काढल्या आणि ते तीन प्राणही काढले. लातूरकडचा मुलगा जरा नाराज होता, कारण धडकेचे चित्र त्याने काढले होते आणि त्याला त्यावर फार मेहनत पडली होती. खरे सांगावयाचे तर मलाही त्याचे वाईट वाटले.

मग त्यांनी ठरविले की मोबाइल राहू द्यावा परीक्षेपुरता आणि लहान मुलांसाठी सतरंजीवर खेळावयाची सापशिडी करावी. माझी एक जुनी चादर घेऊन त्यावर त्यांनी शंभर घरे रंगविली. हेल्मेट घातले की शिडी, धावत रस्ता ओलांडला की साप. पोरांना ती आवडली. पण आमच्या सासूबाई बाजेवर बसून सगळे पाहत होत्या. त्यांनी एक वाक्य टाकले आणि चौघे गप्प झाले. त्या म्हणाल्या, "अरे, फासा पडला म्हणून साप गिळतो, यात पोराची चूक ती कोणती?"

भगिनींनो, सापशिडी मुळात आपली. जुना मोक्षपट म्हणतात तो हाच, आणि महाराष्ट्रात तो ज्ञानेश्वर महाराजांच्या नावाने सांगितला जातो. त्यात पापपुण्य आहे, पण हात फाशाचा आहे. रस्त्यावर जे घडते त्याला आपण आधीच "नशीब" म्हणून मोकळे होतो. पोरांनाही खेळातून तेच शिकवावयाचे काय? सासूबाई चौथी शिकलेल्या. पण हा मुद्दा चार पदविकावाल्यांना सुचला नव्हता आणि मलाही नाही.

तेव्हापासून ती मुले जरा निराळ्या रीतीने विचार करू लागली. तासगावची मुलगी पुष्कळ वाचन करून येई आणि भाकरी थापताना मला सांगत बसे. तिच्याकडून मला समजले की परदेशांत हे फार पूर्वी सुरू झाले. इंग्लंडमध्ये एल्सी मिल्स नावाच्या बाईंनी १९५३ साली टफ्टी नावाची एक खार कल्पून मुलांना रस्त्याच्या गोष्टी सांगावयास आरंभ केला आणि पुढे १९६१ मध्ये त्या खारीच्या नावाने मुलांचे मंडळच निघाले. पण मला जास्त पटले ते स्वीडनच्या स्टिना सँडेल्स यांचे. या बाईंनी लहान मुले रस्त्यावर कशी वागतात याचा अभ्यास करून १९६८ साली पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे. आवाज कोठून आला हे त्याला नीट उमगत नाही. गाडी किती वेगाने येते आहे याचा अंदाज येत नाही. मन एका गोष्टीत गुंतले की दुसरी दिसत नाही. तेव्हा नुसते शिकवून भागावयाचे नाही. मोठ्यांनी आपले वागणे आणि रस्ते मुलांना झेपतील असे केले पाहिजेत. हे ऐकले तेव्हा माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

त्याच मुलीने एक हिशेब सांगितला. तो तुम्हीही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १० मीटर जाते. ३६ म्हणजे काही फार नाही, आपल्या गल्लीतून दूधवालाही जातो तेवढ्याने. मला मीटरचे काही समजेना. मग तिने माझ्या दोन साड्या मागून घेतल्या आणि गल्लीत टोकाला टोक जोडून लांब पसरल्या. साडी साधारण साडेपाच मीटरांची. दोन साड्या संपतात न संपतात तोच तो सेकंद संपतो. आणि समोर काही दिसल्यापासून माणसाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत सेकंदभर तरी जातोच. म्हणजे दोन साड्या गाडी अशीच येते आणि मग कोठे थांबावयास लागते. पाटलांच्या काकू दारातून ओरडल्या, "अहो, साड्या वाळत घालायला दुसरी जागा नाही का?" त्या येथे बसल्या आहेत, त्यांना आठवत असेल.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, असा केंद्र सरकारचा आकडा आहे. दिवसाला साडेचारशेच्या वर. त्यांत ३२,००० हून अधिक पायी चालणारी होती. आणि हा फक्त गेलेल्यांचा हिशेब झाला. प्लास्टरमध्ये पडलेली पोरे यात धरलेली नाहीत.

डिसेंबरात मुलांनी चादरही गुंडाळून ठेवली आणि आमच्या अंगणात चुन्याने रस्ताच आखला. दोन्ही बाजूंना कडा, मध्ये पांढरे पट्टे. दोन बाजा उभ्या करून ठेवल्या, ते उभे केलेले टेंपो. मोठ्या पोरांनी हातात ताटल्या धरून गाड्या व्हावयाचे. खेळाची रीत आपल्या "शिवाजी म्हणतो" सारखी. तो आपण सर्वांनी खेळला आहे. "शिवाजी म्हणतो, हात वर" म्हटले तर हात वर करावयाचे, नुसतेच "हात वर" म्हटले तर करावयाचे नाहीत आणि जो फसला तो बाद. येथे पोराने कडेला उभे राहावयाचे. सांगणारा नाना तऱ्हांनी भुलवील. "चेंडू गेला," "घंटा झाली," "मित्र पुढे गेला," असे काहीही म्हणेल. पोराने कडेला थांबून उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहिल्याखेरीज पाऊल टाकावयाचे नाही. बाजांच्या मधून निघावयाचे नाही, कारण ताटलीवाल्याला तेथून पोर दिसत नाही. धावावयाचे नाही. फसला तर बाद नाही. दाराशी परत जाऊन पुन्हा आरंभ करावयाचा, एवढेच.

फासा नाही, धडाम् नाही. तरी पोरांना इतका रंग चढला की दिवेलागणीला आयांना येऊन ओढून न्यावे लागे. पोरांनी खेळ सुधारलाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याची सहा वर्षांची नात म्हणाली, "आधी उजवीकडे का? आमच्याकडे तर उलट्या बाजूनेसुद्धा गाड्या येतात." आता यावर त्या पदविकावाल्यांनी काय बोलावे? गाड्या डावीकडून चालतात म्हणून जवळची गाडी उजवीकडून येते, हे पुस्तकातले खरे. पण आपल्या गल्लीचे खरे त्या पोरीला ठाऊक होते. दुसऱ्या दिवसापासून एक ताटलीवाला मुद्दाम उलटा येऊ लागला. आणखी एक. आम्हांला शाळेत "रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला" असे शिकविले होते आणि मी पोरांनाही तेच सांगत आले. फूटपाथ नसेल तेथे पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चालावे, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

आता ते उरलेले अर्धे.

जानेवारीतला एक शनिवार. सांगणारा जतकडचा मुलगा होता, त्याचा घसा बसला. तो म्हणाला, "काकू, आज तुम्ही सांगा. तुम्ही आई व्हा आणि पलीकडच्या कडेवरून पोरांना हाक मारा." गंमत म्हणून मी पलीकडे जाऊन उभी राहिले. समोर माझाच धाकटा होता. मी तोंड उघडले आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. सगळे हसू लागले. शेवटी मी कशीबशी म्हणाले, "ये रे, पिशवी धर."

तो निघाला. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. सरळ माझ्याकडे बघत धावत आला. दोन महिने रोज तो खेळ खेळलेला मुलगा. चेंडूला फसला नाही, घंटेला फसला नाही. मुलांनी त्याला विचारले, "अरे, तू कसा फसलास?" तर तो म्हणाला, "आई बोलावत होती ना."

आमचे हे तेव्हा ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

भगिनींनो, २०२२ च्या त्या संध्याकाळी मी रस्त्यापलीकडे भाजीच्या गाडीपाशी होते. पिशवी जड झाली होती. धाकटा आपल्या बाजूला, गल्लीच्या तोंडाशी उभा होता. मी पलीकडून हाक मारली, "ये रे, पिशवी धर." तो माझ्या तोंडाकडे बघत धावला. मोटारसायकलवाला मुलगा विशीतला. तो वेगात नव्हता. माझा मुलगा आडवा आला तेव्हा त्याच्यापुढे एका साडीएवढेही अंतर उरले नव्हते. लोक जमले, त्या मुलाला त्यांनी दोन थपडा मारल्या, "डोळे फुटले काय तुझे?" म्हणाले. त्यानेच रिक्षा बोलावली, माझ्या मुलाला मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आला, पुढे चार दिवस फळे घेऊन येत राहिला. मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. घरी, शेजारी, दवाखान्यात, विचारील त्याला मी एवढेच सांगितले की मोटारसायकलवाल्याने ठोकरले. ते खोटे नव्हते. पण ते खरेही नव्हते. येथे बसलेल्या पुष्कळ जणी त्या संध्याकाळी तेथे होत्या. तुम्ही त्या मुलाला बोल लावलात तो माझ्या गप्प बसण्यामुळे. म्हणून हे तुमच्यासमोरच सांगावयाचे होते. कार्यवाहबाईंना मी नाही नाही म्हणत होते त्याचे कारणही हेच.

त्या शनिवारी रात्री मी ह्यांना सारे सांगितले. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला ठाऊक आहे. भाजीवाल्याने दुसऱ्याच दिवशी सांगितले होते." अडीच वर्षे हे जाणून गप्प राहिले आणि मी लपवून गप्प राहिले. एकाच ताटातले खात होतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे त्या मुलाला शोधावयास गेलो. तो मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर काम करतो. मी त्याला सांगितले की तुझी चूक नव्हती, हाक मी मारली होती. तो पायांतल्या चपलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाय बरा आहे ना आता त्याचा?" चहा घ्या म्हणाला, पण पोत्यांची गाडी आली आणि त्याला जावे लागले. मला त्याच्याशी आणखी बोलावयाचे होते. ते राहून गेले.

खेळाचे पुढे असे झाले की "आईची हाक" हाच त्यातला सर्वांत अवघड डाव ठरला. मुलांनी तो शेवटी ठेवला. जानेवारी हा रस्ता सुरक्षेचा महिना, म्हणून एका प्राथमिक शाळेने त्यांना पटांगण दिले. तेथे आयांना बोलावून त्यांच्याकडूनच हाका मारविल्या. पहिल्या शनिवारी जवळजवळ सगळी पोरे धावली. आया आधी हसल्या, मग हसावयाच्या थांबल्या. तिसऱ्या शनिवारी बरीच पोरे जागच्या जागी उभी राहिली आणि पलीकडून ओरडून म्हणाली, "आई, तूच ये!" एका बाईंना ते उद्धटपणाचे वाटले. "आईने बोलावले तर पोराने येऊ नये, हे कसले शिक्षण?" असे त्या मुख्याध्यापकांना बोलल्या. त्यांचे म्हणणे मला अगदीच चूक वाटत नाही. आपण पोरांना हाकेसरशी ओ देण्याची सवय लावतो आणि तीच सवय रस्त्यावर त्यांना घेऊन जाते. घरात धावत ये आणि रस्त्यावर येऊ नकोस, हे सात वर्षांच्या पोराने कसे वेगळे करावे? म्हणून मला तरी वाटते की हे पोरांनी शिकण्याआधी आपण शिकावे. मी आता रस्त्यापलीकडून हाक मारीत नाही. हाताने "थांब" अशी खूण करते आणि स्वतः अलीकडे येते. पिशवी जड असली तरी.

परीक्षेची गोष्ट सांगितली पाहिजे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मोबाइलचा खेळ पाहिला, मग अंगणातल्या खेळाचे फोटो पाहिले आणि विचारले, "यात संगणक कोठे आहे?" मुले पास झाली, पण गुण बेताचेच मिळाले. लातूरकडचा मुलगा जेवताना म्हणाला, "तो धडाम् ठेवला असता तर दहा गुण जास्त मिळाले असते." मी त्याला त्या दिवशी पुरणपोळी वाढली. दुसरे काय करणार?

एवढ्यावरून मी फार शहाणी झाले, असे समजू नका. परवाच मुलीच्या मागे स्कूटरवर हेल्मेटशिवाय बसून देवळात गेले. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवे, असा कायदा २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे, हे मला तोंडपाठ असून गेले. आणि आपल्यापैकी ज्या जणी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देऊन त्याला गिरणीवर पाठवितात त्यांना सांगून ठेवते, त्याच दुरुस्तीने अशा वेळी पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नावे घेत नाही. पिठाचे डबे मी ओळखते.

आता सामानाविषयी. जाताना त्या चौघांनी सगळा खेळ आपल्या मंडळाला देऊन टाकला आहे. आठ ताटल्या, लाल-हिरवी निशाणे, चुन्याची पिशवी आणि ती सापशिडीची चादर मंडळाच्या लोखंडी कपाटात खालच्या खणात आहे. किल्ली माझ्याकडे किंवा कार्यवाहबाईंकडे मिळेल. ज्यांना आपल्या आळीत खेळ मांडावयाचा असेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावा. चादर धुऊ नये, रंग जातो. ताटल्या मोजून परत कराव्यात. त्यांपैकी दोन माझ्या घरच्या आहेत.